सागा हाऊसमधली खुर्ची

माझा धंदा आग्रहाचा आहे. कऱ्हाडला आमचं मंगल कार्यालय आहे आणि लग्न कुणाचंही असो, जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून मी स्वतः फिरतो. वाढपी वाढतात, मी आग्रह करतो. वाढप्याला 'नको' म्हटलं की तो पुढे जातो. मला 'नको' म्हटलं की माझं काम सुरू होतं. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघतच नाही. बोटांकडे बघतो. खरंच पोट भरलेल्या माणसाची बोटं जुळलेली असतात. ज्याला हवं असतं पण म्हणवत नाही, त्याच्या बोटांमध्ये फट असते. जिलबी त्या फटीतून जाते.

हे सगळं आधी सांगतो आहे, कारण असा मनुष्य सिंगापूरला जाऊन काय करणार, हे तुमच्या लक्षात यावं.

आमच्या निनादला तिथल्या एका शाळेची स्कॉलरशिप मिळाली. पोरगा पंधरा वर्षांचा, अभ्यासात तल्लख, बोलायला मुखदुर्बळ. चार वर्षं राहणं, खाणं, शिकणं सगळं त्यांच्याकडे. शाळेच्या बोर्डिंगमध्ये तीन हाऊसेस होती. हाऊस म्हणजे वसतिगृहाची वेगळी इमारत. तिचा स्वयंपाक वेगळा, नियम वेगळे, प्रमुख वेगळा. शाळेची रीत अशी, की मुलाने आणि पालकाने तिन्ही हाऊसेस पाहावीत आणि शुक्रवारी बोर्डिंगच्या ऑफिसात जाऊन पसंती सांगावी. मला तर हे सगळं ओळखीचंच वाटलं. स्थळं पाहायची, मग पसंती कळवायची. फरक इतकाच, की या वेळी आम्ही मुलाकडचे असून सासरी जाणार होता मुलगाच.

पौष होता. मुहूर्त नसतात, त्यामुळे कार्यालयाची रंगरंगोटी काढली होती. रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायला सुलभा, म्हणजे माझी बायको, घरी राहिली. खरं कारण तिने मुंबईला विमानतळावर सांगितलं. "मी आले तर त्याला परत घेऊन येईन," ती म्हणाली. मग मला बाजूला ओढून म्हणाली, "अहो, हा पोरगा पहिल्यांदा नकोच म्हणतो. भूक लागलेली असली तरी नकोच म्हणतो. जिथे त्याला दोनदा विचारतील, तिथेच ठेवा. बाकी एसी, ग्राउंड, कॉम्प्युटर मला काही सांगू नका."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. मला असे प्रसंग आवडतात. निनाद ट्रॉलीवर रेलून, आम्ही कुणी दुसरेच आहोत अशा चेहऱ्याने उभा होता.

जुरोंग ईस्ट

उतरलो सुलभाच्या भावाकडे. श्रीरंग तिथल्या बँकेत आहे, रोज गळ्यात टाय आणि पाठीला सॅक. त्याची बायको मंजिरी, मुलगी सई. सई अकरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र तिच्या मर्जीच्या भाषेत.

"आतोबा, तुम्ही लाडू आणले? सो मेनी?" तिने डबा उघडून विचारलं.

"चाळीस आहेत. एक घे."

"नो, थँक्यू."

"अगं, घे की."

"आय सेड नो, लाह!" आणि ती खरंच निघून गेली. मी लाडू हातात धरून उभा. मंजिरी आतून म्हणाली, "भाऊजी, मनावर घेऊ नका. तिला खरंच नको असेल." खरंच नको असेल! अकरा वर्षांच्या मुलीला लाडू खरंच नको असू शकतो, ही बातमी मला समुद्र ओलांडून गेल्यावर कळली.

दुसऱ्या दिवशी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने निघालो. गाडी अशी स्वच्छ की चपला काढून चढावं. समोर एक वृद्ध चिनी आजोबा बसले होते. चेहरा प्रसन्न, हातात छत्री. माझ्याकडे बघून हसले. हसलेल्या माणसाला काहीतरी द्यावं ही माझी सवय. मी पिशवीतून डबा काढला आणि लाडू पुढे केला. श्रीरंगने माझं मनगट असं पकडलं, जसं काही मी सुरा काढला होता.

"दाजी! गाडीत खायला बंदी आहे. दंड होतो!"

"मी कुठे खातोय? मी देतोय."

"देणाऱ्यालाही होईल!"

आजोबा अजून हसतच होते. त्यांनी लाडवाकडे पाहिलं, वरच्या पाटीकडे पाहिलं आणि हळूच हात हलवला. बोटं पाहिली मी. फट होती. पण डबा बंद करावा लागला. पुढची सगळी स्टेशनं तो लाडू माझ्या मनात फिरत राहिला.

रॅफल्स प्लेस

श्रीरंगने आम्हाला दुपारी त्याच्या बँकेजवळच्या हॉकर सेंटरमध्ये बोलावलं. तिथे एका छपराखाली खाण्याच्या कितीतरी टपऱ्या आणि मधोमध टेबलांचं रान. दुपारी सगळ्या बँका एकदम तिथेच जेवायला उतरतात. पाय ठेवायला जागा नाही. आम्ही दोघं थोडे लवकर पोचलो आणि काय आश्चर्य! भर गर्दीत एक टेबल रिकामं, आणि त्यावर टिश्यू पेपरचं एक छोटंसं कोरं पाकीट ठेवलेलं.

"बघ," मी निनादला म्हटलं, "याला म्हणतात अगत्य. आल्या-गेल्याला घाम पुसायची सोय केली आहे. आपल्या कार्यालयात करायला हवी."

बसलो. पाकीट फोडलं. मान पुसली, कपाळ पुसलं, निनादलाही दोन दिले. तेवढ्यात हातात वाफाळते वाडगे घेऊन दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. बँकेतल्याच असणार. त्या फोडलेल्या पाकिटाकडे बघत राहिल्या.

मला वाटलं, बिचाऱ्यांना जागा नाही. मी उठून यजमानाच्या थाटात म्हटलं, "प्लीज, सिट, सिट! नो, नो, यू मस्ट!" आणि त्यांना आग्रह करून, अक्षरशः खुर्च्या मागे ओढून, त्यांच्याच टेबलावर बसवलं. त्या मुली भल्या. त्यांनी मला काही सांगितलं नाही. सांगितलं ते मागून आलेल्या श्रीरंगने.

"दाजी, हे टेबल त्यांनी धरून ठेवलेलं. इथे टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. कुणी हात लावत नाही."

"रुमाल!" मी ओरडलो. "अरे, आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तेच!"

"तेच."

"पण आपल्याकडे रुमाल टाकला तरी भांडण होतं."

"इथे होत नाही. तुम्ही आलात म्हणून होता होता राहिलं."

निनाद हसला. विमानतळापासून पहिल्यांदा. इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला त्याने त्याच पाकिटातला शेवटचा टिश्यू काढला. मुलींना भरपाई म्हणून मी लाडू दिले. इथे बंदी नव्हती. एकीने खाल्ला, दुसरीने पर्समध्ये ठेवला. बाहेर पडताना निनादने एका आजीबाईकडून टिश्यूची पाकिटं विकत घेतली आणि खिशात टाकली. म्हटलं, सर्दी झाली असेल.

अंगसाना हाऊस

पहिलं स्थळ. इमारत नवी, काचेची, आत गेलं की थंडगार. प्रमुख एक तरुण इंग्रज, दाढी कोरलेली, बोलणं मऊ. त्याने व्यायामशाळा दाखवली, कॉम्प्युटरची खोली दाखवली, निनादला क्रिकेटबद्दल विचारलं. मग मला म्हणाला, "चहा घेणार?"

"नो, नो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि कपडे धुण्याच्या यंत्रांबद्दल सांगू लागला.

मी थांबलो. माणूस यंत्रांचं सांगून संपवील, मग परत वळेल. त्याने अग्निशमनाचं सांगितलं, भेटीच्या वेळा सांगितल्या, दारापर्यंत आला, हात मिळवला. घसा माझा असा कोरडा की निरोपाचं इंग्रजी निघेना.

बाहेर येताच मी म्हटलं, "पाहिलंस? दुसऱ्यांदा विचारलंच नाही!"

"तुम्ही नको म्हणालात," निनाद म्हणाला.

"अरे, ते पहिलं होतं!"

"त्याला काय माहीत पहिलं आहे ते?"

स्थळ नापसंत. पण त्या दिवशी मी खरा घाबरलो. हा देश वाईट नव्हता. त्या इंग्रजाने चहा मनापासून विचारला होता, आणि माझं 'नको' मनापासून मानलं होतं. असल्या सज्जन माणसांत माझं पोरगं उपाशी मरेल.

म्हणून संध्याकाळी श्रीरंगच्या घरी मी शिकवणी लावली. परीक्षक सई. ती स्वयंपाकघरातून मायलोचा कप घेऊन यायची. चॉकलेटचं दूधच ते, तिथे सगळी पोरं पितात.

"निनाददादा, वाँट मायलो?"

"नको."

"ओके." आणि ती स्वतः घटाघटा प्यायची.

"हरलास!" मी टाळी वाजवायचो. "परत. इथे एकदाच विचारतात. हवं असेल तर पहिल्यालाच हो म्हण. आणि दुसरा नको म्हणाला तर त्याचा नको खरा धर. ओके म्हण आणि पुढे जा. पाल्हाळ नको."

सईचं पोट दुखायला लागेपर्यंत मायलो झाला. शेवटी शेवटी निनाद "येस, प्लीज" म्हणाला. मंजिरीने टाळ्या वाजवल्या. मी तर त्याला उचलायलाच निघालो होतो, पण तो माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाला आहे हे ऐन वेळी लक्षात आलं.

रेन ट्री हाऊस

दुसरं स्थळ म्हणजे साक्षात माहेर. एका प्रचंड पसरलेल्या वृक्षाखाली हाऊस, आणि दारातूनच फोडणीचा वास. निम्मी मुलं भारतातली. वॉर्डन एक गलेलठ्ठ पंजाबी गृहस्थ. आम्ही जेवणाच्या वेळेलाच पोचलो. एक लखनौचा मुलगा पराठ्यांची चळत घेऊन आला.

"अंकल, और एक."

"नको, नको," मी म्हटलं.

"ऐसे कैसे, अंकल!" आणि पडला पराठा ताटात!

काय सांगू! डोळे भरून आले. आईशप्पथ. मी तो पराठा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग राहवेना. उठलो, त्या पोराच्या हातातून ताट घेतलं आणि स्वतः फिरायला लागलो. मुलं टेबलं बडवायला लागली. कुणी ताटावर हात धरला की बोटं बघायची आणि वाढायचं. वॉर्डन म्हणाले, "आप तो यहीं नौकरी कर लो जी!" मी म्हटलं, आत्ता करतो.

टेबलाच्या टोकाला निनाद बसला होता. त्याने हात आडवा धरला होता. मी दुसऱ्या बाजूला होतो, त्यामुळे वाढणारा दुसराच मुलगा होता. निनाद नको म्हणाला, परत नको म्हणाला, तरी त्या मुलाने हसत पराठा टाकला. निनादने मान खाली घालून तो खाल्ला. सगळा.

पसंत! मनातल्या मनात मी सुलभाला फोनसुद्धा लावला.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "बाबा, मला तिथे नको."

"हा पहिला नको," मी डोळा मिचकावला.

"नको," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "नको. झाले तीन."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे मला पुढचा विनोद सुचला नाही. बस एका लांबच लांब पुलावरून चालली होती. दोन्ही कडांना गुलाबी बोगनवेल. तो खिडकीबाहेर बघत बोलला.

"कार्यालयात रोज कुणीतरी वाढतं. तुम्ही, आचारी, आई, कुणाची तरी मावशी. मला भूक लागली आहे की नाही ते मला कधी कळतच नाही, बाबा. त्याच्या आधीच ताटात पडलेलं असतं."

पंचवीस वर्षांच्या माझ्या धंद्यात इतकं मोठं वाक्य माझ्या ताटात कुणी वाढलं नव्हतं. मी हात आडवा धरायलाही विसरलो.

सागा हाऊस

तिसरं स्थळ मी नाइलाजाने पाहिलं. जुना बैठा बंगला, भोवती रुंद व्हरांडा, पंखे संथ फिरणारे. दारात सागाचं झाड. आपला साग नव्हे, वेगळंच. त्याच्या शेंगा फुटून लाल चुटूक बिया सगळीकडे पडलेल्या. ओळखल्या मी. आपल्याकडची रतनगुंजच ती. एक उचलून खिशात टाकली. परक्या गावात ओळखीचं काही दिसलं की मला ते खिशात टाकावंसं वाटतं.

घर सांभाळणाऱ्या बाई मिसेस लिम. साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, पायात सपाता. हसणं बेताचं. आल्या आल्या विचारलं, "जेवलात?"

सिंगापुरात हा प्रश्न लिफ्टमध्येही विचारतात, नमस्कारासारखा, हे श्रीरंगने सांगितलं होतं. पण ऐन वेळी ते आठवतं थोडंच? भूक सणसणून लागली होती आणि मी म्हटलं, "हो, हो, झालं."

"छान," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

संपलं, मी मनात म्हटलं. हे तर अंगसानाहून वाईट.

थोड्या वेळाने त्या परत आल्या. हातात पपईच्या फोडींची बशी. ती त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवली, आमच्याकडे न बघता एक काटा सरळ केला आणि निघून गेल्या. घ्या नाही, खा नाही, काही नाही. मी वाट बघत बसलो. कुणीतरी म्हणायला हवं ना! पपई केशरी, रसाळ, वर लिंबू पिळलेलं. वास येत होता. निनाद काही वेळ झाडाकडे बघत बसला. मग त्याने काटा उचलला आणि एक फोड खाल्ली. थांबला. दुसरी खाल्ली. मग सावकाश, एकेक करत, सगळी बशी. मी त्याला इतक्या सावकाश खाताना कधी पाहिलं नव्हतं. कार्यालयात तो नेहमी उठायच्या घाईत असायचा.

मिसेस लिम बशी न्यायला आल्या तेव्हा मी माझ्या कऱ्हाडी इंग्रजीत त्यांना सरळच विचारलं, "मॅडम, मुलगा नको म्हणाला, तर तुम्ही परत विचारता का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कशाला? जेवण तिथेच असतं. भूक लागली की घेतो."

"आणि नाहीच घेतलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की पाऊस आला तर तुम्ही कपडे आत घेता का.

"बघते ना मी," त्या म्हणाल्या.

शुक्रवार

ऑफिसात जाताना माझ्या जिभेवर 'रेन ट्री' तयार होतं. वचन दिलं होतं बायकोला. टेबलामागे एक चष्मेवाली बाई होती. कामात तरबेज, गोड, घाईत. मी खुर्ची सावरली, घसा साफ केला. नांदी करायची माझी सवय.

तिने मला विचारलंच नाही. तिने निनादला विचारलं, "तुला कुठलं हवं?"

जो पोरगा आजवर कुठल्याही प्रश्नाला पहिल्यांदा नको म्हणाला होता, पेढ्याला, सायकलीला, वाढदिवसाला, तो सरळ बसला आणि म्हणाला, "सागा, प्लीज."

पहिल्याच विचारण्याला! माझी शिकवणी!

बाई माझ्याकडे वळली. "पालकांची काही हरकत?"

ती एकदाच विचारणार होती. मी निनादकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलाच्या कडेकडे बघत होता. आणि त्या कडेवर ठेवलेली त्याची बोटं घट्ट जुळलेली होती.

"नाही," मी म्हटलं.

निरोप

रविवारी त्याला सोडायला गेलो. पलंग खिडकीशी होता. मी गादी दाबून पाहिली, पंखा लावून पाहिला, कपाट उघडून बंद केलं, परत उघडलं. दुसऱ्या पलंगावरच्या इंडोनेशियन मुलाला दोन लाडू दिले. त्याने पहिल्याच विचारण्याला घेतले. सगळे शिकलेले! मग करायचं काही उरलं नाही. निनाद मला दारापर्यंत सोडायला आला. त्या झाडाखाली उभे राहिलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, जेवणाची तयारी चालली होती.

"बाबा," तो म्हणाला, "आज पालकांना जेवायला थांबता येतं. थांबता का?"

आणि माझं तोंड, माझं हे पन्नाशीचं, पंगतीत घासून घासून गुळगुळीत झालेलं तोंड म्हणालं, "नको रे, कशाला! मामा वाट बघत असेल."

"ओके, बाबा," निनाद म्हणाला. वाकून नमस्कार केला आणि आत गेला.

मी उभाच. हात अजून हवेत होता, आडवा धरलेला, आणि माझ्याच बोटांमध्ये केवढी फट होती! त्या फटीतून अख्खा बंगला दिसत होता, व्हरांडा, पंखे, आत जाणारी त्याची पाठ. मला वाटलं, वळेल. दारातून एकदा तरी म्हणेल, अहो बाबा, चला की. दार जाळीचं होतं. ते त्याच्यामागे आपोआप लागलं, आवाज न करता. त्या देशात दारंसुद्धा आपटत नाहीत.

खाली वाकून मी रतनगुंजा वेचत राहिलो. कुणी विचारलं असतं तर सांगायला काम असावं म्हणून. कुणी विचारलं नाही. मग बसस्टॉपपर्यंत चालत गेलो, समोरून आलेली पहिली बस जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली.

जुरोंग ईस्टला सईने दार उघडलं. "आतोबा, वाँट मायलो?"

"हो," मी म्हटलं. "दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने खरंच करून आणला, आणि मी पीत असताना शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने तिने स्वतःहून डबा उघडला आणि एक लाडू घेतला.

कऱ्हाड

कार्यालय नव्या रंगाने लखलखत होतं. सुलभाने बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

"दोनदा विचारतात ना?"

"एकदाही विचारत नाहीत," मी म्हटलं. "बघतात."

तिला ते पटायला किती दिवस लागले, आणि त्या दिवसांत मला स्वतःच्याच घरात कुणी काय वाढलं, ते सांगत नाही. मधल्या जेवणांना मला कुणी आग्रह केला नाही एवढंच सांगतो.

निनादचा फोन रविवारी येतो. आधी आईशी, मग माझ्याशी. एका रविवारी बोलता बोलता मी सहज विचारलं, "काय रे, मी तुला सोडायला आलो त्या दिवशी जेवायला काय होतं?"

"भात, भाजी, टोफूचं काहीतरी," तो म्हणाला. मग थांबला. "मी तुमच्यासाठी खुर्ची धरली होती."

"म्हणजे?"

"टिश्यूचं पाकीट ठेवून. तुम्हाला विचारायच्या आधीच ठेवलं होतं. मी परत आत गेलो तर मिसेस लिमनी विचारलं, कोण येणार आहे? मी म्हटलं, आता कुणी नाही. पण त्यांनी पाकीट उचललं नाही. जेवण संपेपर्यंत तिथे कुणी बसलं नाही."

रिसीव्हर मी दोन्ही हातांनी धरला.

"अरे, मग सांगायचंस ना! परत विचारायचंस!"

"तुम्ही नको म्हणालात," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलं ना, दुसऱ्याचा नको खरा धरायचा."

अलीकडे कऱ्हाडच्या बाजाराचा गलबला, पलीकडे संथ फिरणारा पंखा. मला तो ऐकू येतो असं मी सुलभाला सांगतो. ती म्हणते, फोनमधून पंखा ऐकू येत नाही.

"बाबा, जूनमध्ये सुट्टी आहे," तो म्हणाला. "हाऊस उघडंच असतं, काही मुलं इथेच राहतात. मी येऊ का..."

"ये," मी म्हटलं. त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत. इतक्या मोठ्याने, की आचारी झारा घेऊन बाहेर आला.

"ओके, बाबा," निनाद म्हणाला.

माघ लागला, लग्नं सुरू झाली. मी पुन्हा जिलबीचं ताट घेऊन फिरतो आहे. नाही कसा, तो माझा धंदा आहे. पण पहिल्या रांगेत, खांबाजवळची जी खुर्ची आहे, जिथे बसून निनाद घाईघाईने जेवायचा आणि पळायचा, तिच्यावर प्रत्येक पंगतीला मी टिश्यूचं एक पाकीट ठेवतो. आपल्याकडच्या लोकांना असल्या पाकिटाचं काय कौतुक! परवा नवऱ्या मुलाचे मोठे काका, फेटा बांधलेले, मानाचे पाहुणे, त्या पाकिटातल्या टिश्यूने मान पुसत तिथेच बसले. मी त्यांना हात जोडून उठवलं. आमच्या कार्यालयात असं कधी झालं नव्हतं. सगळी पंगत बघायला लागली.

"अहो, इथे कोण बसणार आहे?" ते रागावून म्हणाले. "पंगत तर बसली!"

मी नवं पाकीट काढलं, खुर्चीवर ठेवलं, नीट सरळ केलं.

"येतोय," मी म्हटलं. "जूनमध्ये."